गाणं कोण आणतंय? मदतकेंद्रावरच्या ताईंना आभाराचं पत्र

ताई, सप्रेम नमस्कार.

घरोघरी स्मार्ट स्पीकर जोडून देणाऱ्या आम्हा सगळ्यांचं हे पत्र. तक्रार बहुतेक वेळा एकच असते, गाणं मध्येच थांबतं. त्यावरचा ठरलेला उपाय म्हणजे लगेच फॅक्टरी रीसेट, म्हणजे सगळी सेटिंग्ज पुसून स्पीकर नव्यासारखा करणं. त्याआधी एक प्रश्न विचारायला तुम्ही शिकवलंत : गाणं फोन पाठवतोय की स्पीकर स्वतः आणतोय? त्या एका प्रश्नाबद्दल तुमचे मनापासून आभार.

ब्लूटूथवर लावलेलं गाणं फोनमधून येतं. फोन घेऊन माणूस दोन भिंतींपलीकडे गेला, फोन आला किंवा बॅटरी सेव्हरने अ‍ॅप बंद केलं, की गाणं तुटणारच. तिथे राउटरशी झटापट करण्यात अर्थ नाही. जोडणी फोन आणि स्पीकर दोन्हींकडून पुसायची आणि नव्याने जोडायची (पेअर करायची). स्पीकरला बोलून सांगितलं असेल किंवा कास्ट केलं असेल, म्हणजे फोनवरच्या अ‍ॅपमधून वाय-फायवरचा स्पीकर निवडून गाणं लावलं असेल, तर मात्र फोन नुसता रिमोट असतो, गाणं स्पीकर थेट इंटरनेटवरून ओढतो. अशा वेळी ‘माझ्या फोनवर तर व्हिडिओ मस्त चालतोय’ या वाक्यावरून काहीच कळत नाही.

वेगाबद्दलचं तुमचं म्हणणं तर आम्ही प्रत्येक ग्राहकाला सांगतो. सेकंदाला ३२० किलोबिटचं गाणं एक मेगाबिटसुद्धा खात नाही, मग मोठा प्लॅन कशाला? गाणं अडखळतं ते सिग्नल सलग मिळत नाही म्हणून. वाय-फायच्या दोन नेहमीच्या पट्ट्यांपैकी २.४ गिगाहर्ट्झ भिंतींतून लांबवर पोचतं, पण मायक्रोवेव्ह, ब्लूटूथ आणि शेजाऱ्यांचे राउटर यांची गर्दी त्याच पट्ट्यात असते. तिथे राउटरच्या सेटिंग्जमध्ये १, ६ आणि ११ यांपैकी सर्वांत मोकळा चॅनल (पट्ट्याचा छोटा भाग) निवडायचा, चॅनलची रुंदी २० मेगाहर्ट्झ ठेवायची. स्पीकर राउटरच्याच खोलीत असेल आणि त्याला चालत असेल तर ५ गिगाहर्ट्झ बरं. तुमची चाचणी इतकी सोपी की आधी का सुचली नाही असं वाटतं : स्पीकर उचलून राउटरपासून दोन-तीन मीटरवर ठेवायचा आणि तेच गाणं लावायचं. तिथे सुरळीत वाजलं तर आधीची जागाच चुकीची होती.

काही वेळा नेटवर्क ठणठणीत असतं आणि गोची खात्यात असते. स्पॉटिफायचं एक वैयक्तिक खातं एका वेळी एकाच उपकरणावर वाजतं. घरातल्या दुसऱ्या कुणी त्याच खात्यावरून फोनवर गाणं लावलं, की स्पीकर गप्प. गाणं थांबलं त्या क्षणी कोण काय ऐकत होतं, हे विचारायला आम्ही तुमच्यामुळेच लागलो. मागितलेलं गाणं सोडून भलतंच वाजत असेल तर अ‍ॅपच्या सेटिंग्जमध्ये संगीताची डिफॉल्ट सेवा कोणती आहे ते पाहायचं, किंवा आज्ञेतच सेवेचं नाव घ्यायचं.

फोनला स्पीकर दिसतच नसेल तर दोन्ही एकाच वाय-फायवर आहेत का, ते आधी. मग गेस्ट नेटवर्क (पाहुण्यांसाठीचं वेगळं वाय-फाय), राउटरमधलं क्लायंट आयसोलेशन (उपकरणांना एकमेकांपासून तोडून ठेवणारी सोय), फोनवरचा व्हीपीएन (फोनचं इंटरनेट दुसऱ्या सर्व्हरमार्गे नेणारी सेवा) हे तपासायचं. एकाच राउटरला जोडलेली असूनही यांच्यामुळे उपकरणं एकमेकांना सापडत नाहीत.

अ‍ॅडॉप्टरचं विशेष सांगायला हवं. आवाज चढवला की स्पीकर बंद पडून पुन्हा सुरू होतो, ही तक्रार आम्ही वाय-फायमध्ये शोधत बसायचो. मूळ अ‍ॅडॉप्टर हरवून फोनचा चार्जर लावलेला असतो आणि जोरदार बेसला तो पुरा पडत नाही. स्पीकरवर छापलेले व्होल्ट तंतोतंत जुळले पाहिजेत, अँपिअर तितकेच किंवा जास्त.

रीस्टार्टचा क्रमही तुमचाच : आधी राउटर, इंटरनेट परत आलं की मगच स्पीकर, आणि प्लग अर्धा मिनिट काढलेला. रीसेट अगदी शेवटी, वाय-फायचा पासवर्ड हाताशी ठेवून, कारण साठवलेली जोडणी त्यात पुसली जाते.

आमच्या तपासणीच्या कागदावर तुमचा प्रश्न आता पहिल्या ओळीत छापला आहे.

तुमचे ऋणी,
स्पीकर जोडून देणारे आम्ही सगळे