इग्लूलिकने दोनदा ‘नको’ म्हटलं

ओटावा

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

आजीच्या मालवणीचे व्हिडिओ करायचं तू मनावर घेतलंस, म्हणून इनुइट, म्हणजे इथल्या कॅनडाच्या उत्तरेकडच्या मूळ रहिवाशांच्या टीव्हीबद्दल जरा सविस्तर लिहिते.

उत्तरेला, बर्फाच्या मुलखात, इग्लूलिक नावाचं बेटावरचं गाव आहे. उपग्रहावरून टीव्ही येऊ लागला तेव्हा गावाने १९७५ मध्ये आणि पुन्हा १९७९ मध्ये मतदान घेऊन तो नाकारला. त्यात त्यांच्या इनुक्टिटूट भाषेत जवळजवळ काहीच नव्हतं. १९८१ मध्ये इनुइट ब्रॉडकास्टिंग कॉर्पोरेशन उभी राहिली, स्वतःचे कार्यक्रम सुरू झाले, मग १९८३ मध्ये गावाने होकार दिला. मला त्या नकाराचं फार मोल वाटतं. आता २०२१ पासून ‘उवागुट’ ही चोवीस तासांची वाहिनीही आहे.

बाहेरच्या कार्यक्रमांचं इनुक्टिटूटमध्ये नुसतं डबिंग का पुरत नाही, ते कुल्लिकवरून कळतं. कुल्लिक म्हणजे अर्धचंद्राच्या आकाराचा दगडी दिवा. सीलच्या चरबीचं तेल, आणि सरळ काठावर शेवाळाची किंवा रानकापसाची वात पसरलेली. ज्योत काठभर सारखी राहावी म्हणून वात काडीने सारखी दाबत राहावं लागतं. वर आली तर काजळी धरते, खाली गेली तर विझते. समईपाशी बसल्याशिवाय ‘वात सारणं’ कुणाच्या तोंडी येत नाही, तसंच तिथलं. इग्लूलिकचाच चित्रपट-दिग्दर्शक झकारियस कुनुक आणि सोबत्यांच्या इसुमा या चित्रपटसंस्थेने १९४५ च्या सुमाराच्या जगण्यावर १३ भागांची मालिका केली, तीही संवाद लिहून न देता. गावातलेच लोक काम करत बोलले.

म्हणून आजीला शब्द विचारू नकोस, रातांबे फोडायला बसव. कॅमेरा चेहऱ्यापेक्षा हातांवर जास्त वेळ ठेव. माइक हनुवटीच्या वीतभर खाली लाव, पंखा बंद कर. प्रश्न मालवणीतच विचार, “आजये, ह्यां कित्याक करतंस?” असा, तू प्रमाण बोललीस की तीही लगेच तसंच बोलायला लागते. ती थांबली तरी मध्ये बोलू नकोस, पुढचा शब्द तिथेच येतो. खाली मराठी अक्षरं दे, पण तिच्या आवाजावर दुसरा आवाज चढवू नकोस.

इथे थंडीत बॅटरी कोटाच्या आत ठेवतात, आणि कॅमेरा घरात आणण्याआधी प्लास्टिकच्या पिशवीत बंद करतात, नाहीतर भिंगावर दव धरतं. तुमच्याकडे एसीच्या खोलीतून दमट अंगणात आणलात तरी तेच होईल. पिशवीतच अर्धा तास राहू दे.

रातांबे पावसाआधी उतरतात, तेव्हा माइक आत्ताच मागव. आजीला शि. सा. नमस्कार.

तुझी,
धाकटी