खजिनदार काकांना, परत केलेल्या पाकिटाबद्दल

आदरणीय काका,

प्रभूच्या नावात सलाम.

यंदाच्या वार्षिक सभेत तुम्ही आपल्या चर्चच्या मंडळीचं खजिनदारपद सोडलंत. निरोपाचा कार्यक्रम नको, शाल नको, गुच्छ नको, भाषणं तर नकोतच, असं पाळकसाहेबांना आधीच बजावून ठेवलंत. पत्राबद्दल मात्र काही बोलला नव्हतात. तेव्हा हे पत्र, आणि तेही सगळ्यांना वाचता येईल असं. काकू हसतील, तुम्ही चिडाल. चिडा.

आमच्या घरची गोष्ट मंडळीत बहुतेकांना ठाऊक आहे, म्हणून थोडक्यात सांगते. ह्यांचा मालवाहू टेम्पो फायनान्सवर घेतलेला होता. ह्यांना अर्धांगवायूचा झटका आला, डावी बाजू गेली. टेम्पो दारात उभा राहिला आणि हप्ते चालूच राहिले. किराणावाल्याची वही भरत गेली. वसुलीचा माणूस रविवारी सकाळी, आम्ही उपासनेला निघायच्या वेळी नेमका दारात हजर.

त्याच दिवसांत नणंद मला एका प्रार्थना सभेला घेऊन गेली. मंगल कार्यालय खचाखच भरलेलं, मोठाले स्पीकर, बाहेरून आलेले वक्ते. त्यांनी सारफथच्या विधवेची गोष्ट सांगितली. मडक्यात मूठभर पीठ, कुपीत थोडंसं तेल, आणि संदेष्टा एलीया तिला म्हणतो, आधी माझ्यासाठी एक लहानशी भाकर करून आण. तिने आणली आणि पीठ सरलं नाही, तेल आटलं नाही. मग पाकिटं वाटली. ज्याच्या घरी टंचाई आहे त्याने आज जास्त पेरावं, असं सांगण्यात आलं. टंचाई असणं म्हणजे विश्वास कमी असणं, हे उघड कोणी म्हटलं नाही, पण घरी येताना प्रत्येक जण तेच बरोबर घेऊन आला.

त्या सभेत मी काही दिलं नाही, कारण जवळ नव्हतंच. पण पुढच्या रविवारी आपल्या मंडळीत नेहमीप्रमाणे दशमांशाचं पाकीट टाकलं. भिशीतून उचल मिळाली होती, त्यातला दहावा हिस्सा. सोमवारी संध्याकाळी तुम्ही पाकीट घेऊन घरी आलात. न फोडलेलं. म्हणालात, "हे मी पुस्तकात चढवलेलं नाही. किराणावाल्याचं किती देणं आहे?"

मला रागच आला होता. देवाला दिलेलं परत आणणारे तुम्ही कोण! तुम्ही शांतपणे मार्काचा सातवा अध्याय काढायला लावलात. आईबापांना द्यायचं ते "कुर्बान" म्हणून, म्हणजे देवाला अर्पण झालं म्हणून सांगायचं आणि हात झटकायचे, ह्यावर प्रभू येशूने परूश्यांना, त्या काळच्या कर्मठ धर्मपुढाऱ्यांना, काय सुनावलं ते तिथे आहे. "किराणावाला तुझ्या भरवशावर त्याच्या घाऊक व्यापाऱ्याला तोंड देतोय," तुम्ही म्हणालात. "त्याचे पैसे देवाच्या नावावर टाकू नकोस."

ह्या एका मुद्द्यावर मंडळीत अजून दोन तट आहेत, हे मला माहीत आहे. मलाखीचा तिसरा अध्याय पुढे करून कितीतरी जण म्हणतात की दशमांश आधी, बाकी सगळं नंतर. मी त्या वादात पडत नाही. मला एवढंच ठाऊक आहे की मंडळीची पेटी रिकामी असताना, छपराच्या पत्र्यांचं बिल थकलेलं असताना खजिनदार स्वतः पाकीट परत घेऊन येतो, तेव्हा तो पैशावर प्रेम करणारा माणूस नसतो.

मग तुम्ही दुसऱ्या विधवेची गोष्ट वाचायला लावलीत. दुसरे राजे, चौथा अध्याय. सभेत हिचं नावही निघालं नव्हतं. हिचा नवरा संदेष्ट्यांच्या शिष्यांपैकी, देवाचं भय धरणारा, आणि तरीही कर्ज ठेवून मेलेला. ते वाक्य तुम्ही दोनदा वाचून घेतलंत, ह्यांना ऐकू जावं म्हणून. कॉटवर भिंतीकडे तोंड करून पडलेला माणूस त्या दिवशी इकडे वळला. सावकार तिच्या दोन मुलांना गुलाम करून न्यायला आलाय. आणि संदेष्टा अलीशा तिला काय विचारतो? तुझ्या घरात काय आहे ते सांग.

"सांग," तुम्ही म्हणालात, आणि वही उघडलीत.

मी म्हटलं, काही नाही. बायबलातली बाईही आधी तेच म्हणते, एका तेलाच्या कुपीशिवाय काही नाही. तुम्ही थांबून राहिलात. मग एकेक निघत गेलं. गावाकडून आलेलं ज्वारीचं पोतं. आईची लाकडी काथवट. आणि मला भाकरी येते. ह्यात काय सांगायचं, नगर जिल्ह्यातल्या कोणत्या बाईला भाकरी येत नाही? तुम्ही लिहिलंत, "भाकरी." खाली रेघ मारलीत. मागच्या गल्लीत पोरांची मेस आहे, तिथे रोज भाकऱ्या बाहेरून घेतात, हे तुम्हाला कसं ठाऊक होतं कोण जाणे. एसटीत कंडक्टर म्हणून आयुष्य काढलेल्या माणसाला सगळ्या गावाची खबर असते.

पण धंदा भांड्यांवर अडला. रिकामी भांडी शेजाऱ्यांकडून मागून आण, थोडकी आणू नकोस, असं अलीशा म्हणतो. मंडळीच्या भोजनाची मोठी शेगडी तुम्ही दिलीत, पण तवे आणि पराती मला स्वतः मागायला लावल्यात. त्याबद्दल तेव्हा मी तुम्हाला मनात बरंच काही बोलले. दारोदार जाऊन परात मागायची म्हणजे घरात काय चाललंय ते सांगायचं. समोरच्या आपांनी बिडाचा तवा दिला, वर उलथनंही दिलं, आणि "हे आधी का नाही बोललीस" म्हणून माझ्यावर ओरडल्या. तेल ओतलं ते दार लावून, पण भांडी मागितली ती दार उघडून, हे त्या अध्यायात मी तोवर कधी पाहिलं नव्हतं. आणि भांडी संपली तसं तेलही थांबलं. आणखी दोघा-चौघांकडे गेली असती तर?

हिशेबाला बसलो तेव्हा मी ज्वारी, दळण, गॅस एवढं धरून दर सांगितला. एका किलो पिठात दहा-बारा भाकऱ्या होतात, त्यावरून तुम्ही पेन्सिलीने भागाकार केलात आणि विचारलंत, "हात कोणाचे?" मी म्हटलं, माझेच. "मग त्यांची मजुरी कुठंय? कामकरी आपल्या मजुरीला पात्र आहे, हे प्रभूचं वाक्य आहे. घरातल्या बाईला ते लागू नाही असं कुठे लिहिलंय ते दाखव." दर वाढला. मेसवाल्याने कुरकुर केली आणि दिला.

आणि ती वेबिलाची, म्हणजे कंडक्टरच्या हिशेबाच्या कागदाची गोष्ट. ड्युटीवर चढताना कंडक्टरला स्वतःच्या खिशातले पैसे वेबिलावर लिहावे लागतात. वाटेत तपासणीवाले चढले तर लिहिलेलं ते तुमचं, बाकी पेटीतलं सगळं महामंडळाचं. "मी आयुष्यभर दुसऱ्याचे पैसे हाताळले," तुम्ही म्हणालात, "त्यामुळे कारभारीपण मला पाळकसाहेबांच्या उपदेशाच्या आधी डेपोत कळलं." पाळकसाहेबांनी हे वाचलं तर राग मानू नये.

ह्यांनी एकदा तुम्हाला अडवलं होतं, आठवतं? जीभ तेव्हा नीट वळत नव्हती, तरी विचारलंच. पाखरं पेरत नाहीत, कापत नाहीत, कोठारात साठवत नाहीत, तरी स्वर्गीय पिता त्यांना खायला देतो. मग ही वही कशाला? पै-पै मांडायची, तर विश्वास तो कुठे राहिला?

तुम्ही वाद घातला नाहीत. तुमच्या आजीची गोष्ट सांगितलीत. केडगावची. आपल्या नगरचं नव्हे, दौंडजवळचं, पंडिता रमाबाईंचं. १८९६-९७ च्या दुष्काळात बाई मध्य प्रांतात गेल्या आणि शेकडो मुली घेऊन आल्या. अमेरिकेतल्या मित्रमंडळींनी दहा वर्षं मदत देण्याचा शब्द दिला होता आणि ती दहा वर्षं सरत आली होती. पुढचे पैसे कुठून येणार ह्याचं कागदावर उत्तर नव्हतं. १९०० च्या दुष्काळात आणखी मुली आल्या, त्यांतली एक तुमची आजी. ती सांगायची की मुक्तीत, म्हणजे बाईंच्या त्या आश्रमात, प्रार्थना भरपूर आणि कामही भरपूर. विहिरी खणल्या, शेती केली, माग चालवले, शिवण शिकवलं, छापखाना काढला. रात्री गुडघ्यावर आणि सकाळी मळ्यात. आजीला दोन्ही सारखंच वाटायचं. प्रेषित पौलही करिंथात अक्विला आणि प्रिस्किल्लाच्या घरी राहून तंबू शिवत होता आणि शब्बाथाला सभास्थानात बोलत होता. विश्वास कमी पडला म्हणून सुई हातात धरली, असं त्याच्याबद्दल कोणी म्हणत नाही. (आपल्याकडे रेव्हरंड ना. वा. टिळकांचं उदाहरण लगेच निघतं, १९१७ साली मिशनचा पगार सोडला म्हणून. खरं आहे. पण टिळकांच्या घरात त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई होत्या, हेही कोणी सांगत जा.)

तरी ह्यांच्या प्रश्नाचं खरं उत्तर पुढे मिळालं, मेसवाला रविवारीही भाकऱ्या मागायला लागला तेव्हा. रविवारी मागणी दुप्पट. नाही म्हटलं तर दुसरी बाई बघतो म्हणाला. मी वही घेऊन तुमच्याकडे आले, कारण आता मलाच आकडे दिसत होते. रविवार धरला तर टेम्पोचं देणं किती लवकर फिटेल ते मी लिहूनच आणलं होतं. तुम्ही निर्गमचा सोळावा अध्याय सांगितलात. मान्ना, म्हणजे रानात देवाने दिलेलं अन्न, रोजचा रोज गोळा करायचा, उरवलेल्यात किडे पडायचे, पण सहाव्या दिवशी दुप्पट मिळायचा आणि सातव्या दिवशी रानात काहीच नसायचं. "सहा दिवस हिशेब कर," तुम्ही म्हणालात, "आणि सातव्या दिवशी हिशेबाबाहेर बस. विश्वास ठेवायचाय ना, तो इथे ठेव. इथे तुझं खरंच काहीतरी जातं."

गेलंही. दुसरी बाई त्याला मिळाली, आमच्या निम्म्या भाकऱ्या कमी झाल्या. पाकीट टाकणं ह्यापेक्षा कितीतरी सोपं होतं, हे मला त्या महिन्यात कळलं. नंतर एका ढाब्याचं काम मिळालं, सोमवार ते शनिवार. ते देवाने दिलं असं मी म्हणते. ढाबेवाला म्हणतो, समोरच्या आपांनी नाव सुचवलं. दोन्ही खरं आहे.

टेम्पो वाचला नाही. विकावा लागला आणि विकूनही देणं उरलं होतं, ते पुढे भाकऱ्यांतून फिटलं. ह्यांचा डावा हात अजून साथ देत नाही, पण उजव्या हाताने भाकऱ्या मोजून दहा-दहाच्या चळती फडक्यात बांधतात, फोन घेतात, उधारी वसूल करतात. वसुलीत मात्र फार मऊ आहेत, त्यांना स्वतःकडे आलेला माणूस आठवतो.

कापणीच्या सणाला आम्ही पहिल्यांदा भाकऱ्यांची चळत वेदीपुढे ठेवली ते साल आठवा. ऊस, भोपळे, अंड्यांच्या पाट्या, पाय बांधलेला कोंबडा आणि त्यात माझं फडकं. लिलावात तरुण संघाच्या मुलांनी चेवाने बोली चढवत नेली. सगळे टाळ्या वाजवत होते आणि तुम्ही मागून ओरडलात, "अरे, मजुरी धरून दर ठरलेला आहे तिचा! दान द्यायचं तर पाकिटात टाका, भाकरीचा भाव बिघडवू नका!" चर्चच्या आवारात इतकी मोकळी हसले ती मी पुष्कळ दिवसांनी.

तर काका, पाकीट परत आणल्याबद्दल आभार. शेजाऱ्यांच्या दारात मला एकटीला पाठवल्याबद्दल आभार. आमच्या घराचं नाव घेऊन मंडळीत जाहीर प्रार्थना कधी केली नाहीत, ह्याबद्दल तर विशेष. ह्यांना त्या दिवसांत ते सोसलं नसतं. किराणावाल्याचं खातं संपलं त्या आठवड्यापासून दशमांशाचं पाकीट पुन्हा पेटीत पडतं. नव्या खजिनदारबाईंना ते माहीत आहे.

येत्या शनिवारी काकूंना स्वयंपाक करू देऊ नका. भाकऱ्या आणि ठेचा घेऊन संध्याकाळी येतो आम्ही सगळे. बिल मागू नका, वहीत "घरचे" असा एक रकाना ह्यांनी नुकताच आखला आहे.

आपली,
मागच्या गल्लीतली भाकरीवाली