कढईवर झाकण सरकवायला शिकवणाऱ्या दादांना

आदरणीय दादा,

सणाच्या आधी तुम्ही आमच्या इमारतीच्या अंगणात येऊन तासभर जे शिकवलंत, त्यामुळे माझ्या नणंदेचं घर आज शाबूत आहे. अग्निशमन दलाच्या कामातून वेळ काढून तुम्ही आला होतात. त्याचं काय झालं हे तुम्हाला कळायलाच हवं, आणि चारचौघांनाही कळावं म्हणून हे पत्र उघडपणे लिहिते आहे.

सणाला आम्ही सगळे नणंदेकडे जमलो होतो. चारही बर्नर चालू, त्यातल्या एकावर तळणाची कढई. बेल वाजली, पाहुणे आले आणि कढईपाशी उभी असलेली नणंद दार उघडायला गेली. मी स्वयंपाकघरात शिरले तेव्हा तेलावर ज्वाळा उठल्या होत्या आणि एका काकांनी पाण्याचं भांडं उचललं होतं. तुमच्या वर्गाला आलेली माझी भाची ओरडली, "पाणी नको!" शेगडीचं बटण ज्वाळांपासून लांब होतं, ते तिने आधी बंद केलं. मग मोठं झाकण ढालीसारखं पुढे धरून कढईवर सरकवलं. आग जागच्या जागी गुदमरली. झाकण उचलून बघायचं नाही, कढई हलवायची नाही, हे तुम्ही दोनदा बजावलं होतंत. तेल पूर्ण निवेपर्यंत तिने कुणालाही ओट्याजवळ फिरकू दिलं नाही.

तिच्या मनगटाला चटका बसला होता. कुणी बर्फ आणायला धावलं, कुणी टूथपेस्ट. तिने दोन्ही नाकारलं आणि २० मिनिटं हात नळाच्या साध्या पाण्याखाली धरला.

काकांना दोष देत नाही. आग म्हटली की पाणी, हे सगळ्यांच्याच अंगवळणी पडलेलं आहे. तुम्ही लांब दांड्याला बांधलेल्या वाटीतून पेटत्या तेलावर थोडंसं पाणी ओतलंत आणि आगीचा लोळ उठला, तो पाहिला नसता तर मलाही पटलं नसतं. पाणी तेलापेक्षा जड, ते खाली जातं, क्षणात त्याची वाफ होते. १ लिटर पाण्याची सुमारे १७०० लिटर वाफ, आणि ती जळतं तेल घेऊन वर उसळते. मुलांसमोर असलं भीतीदायक कशाला, असं तेव्हा काहीजण म्हणाले होते. मला वाटतं, मुलांनी ते पाहिलंच पाहिजे.

पण मला सर्वांत मोलाचं वाटलं ते तुमचं वेगळंच सांगणं. तळण १७० ते १९० अंशांवर होतं. २०० च्या पुढे तेल धुरावू लागतं आणि ३५० च्या आसपास ठिणगीशिवायही पेट घेतं. म्हणजे तेल आधी धूर काढून सांगत असतं. ते बघायला माणूस तिथे हवा. सणाच्या दिवशी नेमका तोच माणूस सगळ्यांना हवा असतो. बेल वाजली, फोन आला, मुलं रडली, की हाक तिलाच. "आग विझवायला आम्ही येऊ, पण कढईपाशी उभ्या माणसाला हाक मारणं तुम्ही थांबवा," असं तुम्ही बैठकीत बसणाऱ्यांकडे बघून म्हणालात. स्वयंपाकघरातल्या बाईला सूचना देणारे पुष्कळ असतात. बाहेर बसलेल्यांना जबाबदार धरणारे तुम्ही मला पहिले भेटलात.

आता आमच्याकडे तळण चालू असताना दार आणि फोन दुसऱ्या कुणीतरी सांभाळायचा. उठावंच लागलं तर आधी गॅस बंद. मापाचं झाकण हाताशी, कढई अर्ध्याहून कमी भरलेली, फडकी आणि कागद शेगडीपासून दूर, ओढणी खोचलेली. ओव्हनमध्ये आग लागली तर दार न उघडता तो बंद करायचा, हेही सगळ्यांना पाठ झालंय. आणि झाकणाने विझली नाही तर लढत बसायचं नाही: सगळ्यांना घेऊन बाहेर पडायचं, निघताना दार ओढून घ्यायचं, बाहेर येऊन तुम्हाला फोन करायचा.

दादा, तुमचे आभार मानावेत तेवढे थोडेच. काकांनीही तुम्हाला नमस्कार सांगितला आहे. नणंदेच्या इमारतीतली मंडळी विचारताहेत की पुढच्या सणाच्या आधी तुम्ही त्यांच्याकडे याल का. अंगण मोकळं आहे, प्रात्यक्षिक लांबून दाखवता येईल. सुट्टीचा कुठलाही दिवस कळवा. बैठकीत बसणाऱ्या सगळ्यांना पुढच्या रांगेत बसवायचं काम माझ्याकडे.

आपली ऋणी,
वर्गाला आलेली एक गृहिणी