रांग मोडणाऱ्याचा कागद खिडकीनेच परत करावा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

गेल्या मंगळवारी पत्नीच्या तपासणीसाठी मी एका सार्वजनिक रुग्णालयात केसपेपरच्या रांगेत उभा होतो. माझ्यापुढे सहा माणसे होती आणि खिडकी उघडून अर्धा तास झाला होता. तेवढ्यात पस्तिशीतले एक गृहस्थ "फक्त एक विचारायचं आहे" असे म्हणत थेट खिडकीशी गेले, खांदा आत घालून त्यांनी दोन प्रश्न विचारले आणि लगोलग खिशातून जुना केसपेपर काढून आत सरकवला. रांगेत दुसऱ्या क्रमांकावर, तापाने फणफणलेले मूल कडेवर घेऊन एक बाई उभ्या होत्या. त्या "दादा, लाइन आहे" एवढेच म्हणाल्या. त्यावर "दोन मिनिटांचं काम आहे ताई, कशाला एवढं मनावर घेता" असे उत्तर त्यांना मिळाले. आम्ही बाकीचे सगळे गप्प राहिलो, आणि खिडकीपलीकडच्या कर्मचाऱ्याने तो कागद घेऊन, शिक्का मारून परत दिला. या प्रसंगात चूक कोणाची, असे विचारले तर बहुतेक जण त्या गृहस्थांकडे बोट दाखवतील. माझे बोट मात्र आधी त्या शिक्क्याकडे जाते.

याचे कारण असे की मी स्वतः 1987 ते 2018 अशी एकतीस वर्षे एका बँकेत नोकरी केली आणि त्यातील बहुतेक काळ रोखपाल म्हणून खिडकीआड काढला. खिडकीच्या आतून रांग दिसत नाही, हात दिसतात. जो हात सर्वांत पुढे येतो त्यातील कागद घेणे सोपे असते. "तुमचा नंबर नाही, मागे जा" असे म्हटले की वाद होतो, वादात पाच मिनिटे जातात, आणि काम तर एकाच मिनिटाचे असते. तेव्हा करून टाकावे आणि मोकळे व्हावे, असा हिशेब मी अक्षरशः हजारो वेळा केला आहे. तो दर वेळी चुकला, कारण एकाचे काम मध्येच झालेले दिसले की "आमचंही तेवढंच आहे" असे म्हणणारे तिघे त्याच फटीतून आत हात घालतात, आणि मग ज्यांनी तासभर शिस्त पाळली त्यांनाही आपण मूर्ख ठरलो असे वाटू लागते.

आमच्या नोकरीच्या सुरुवातीच्या काळात पैसे काढणाऱ्याला चेकच्या बदल्यात क्रमांक कोरलेले पितळी टोकन मिळत असे. ते मुठीत धरून माणसे बाकांवर निवांत बसत, कारण आपला क्रमांक पुकारला जाईल याची त्यांना खात्री असे. (चेकची चवड हळूच खालीवर करणारा एखादा शिपाई तेव्हाही असे, हे कबूल केले पाहिजे, जुने ते सगळे सोने नव्हते.) पुढे संगणक आले, एकाच खिडकीवर सगळी कामे होऊ लागली, टोकने गेली आणि बाकावरची माणसे खिडकीपुढे कोंडाळे करून उभी राहू लागली. आता अनेक कार्यालयांत छापील क्रमांक देणारी यंत्रे बसवलेली आहेत, परंतु त्यांतील कित्येक बंद असतात आणि त्यांच्या डोक्यावर कुणाचा तरी जेवणाचा डबा ठेवलेला असतो.

एक कबुली या पत्राच्या निमित्ताने द्यायची आहे. 8 नोव्हेंबर 2016 च्या रात्री पाचशे आणि हजारच्या जुन्या नोटा रद्द झाल्या आणि 10 तारखेला बँका उघडल्या तेव्हा आमच्या शाखेबाहेरची रांग इमारतीला वळसा घालून मागच्या गल्लीत गेली होती. पहिल्या काही दिवसांत एका व्यक्तीला चार हजार रुपयांपर्यंतच नोटा बदलून मिळत होत्या. त्याच आठवड्यात एका सकाळी ओळखीचे एक गृहस्थ बाजूच्या दाराने आत आले, चहा घेतला आणि मी त्यांच्या नोटा बदलून दिल्या. दुपारी साडेतीनच्या सुमारास आमच्याकडची रोख संपली, तेव्हा बाहेर चाळीसेक माणसे उरली होती. रोखपालाला दिवसाचा मेळ घालावाच लागतो. त्या संध्याकाळी पैशांचा मेळ लागला, पण शटरबाहेरून परतलेल्या माणसांपैकी एकाची रक्कम मी सकाळी दुसऱ्यालाच दिली होती, ही नोंद कोणत्याही वहीत झाली नाही. म्हणून घुसणाऱ्याइतकाच घुसू देणाराही दोषी असतो, हे मी कोणाला शिकवण्यासाठी नव्हे, तर अनुभवाने सांगतो.

रांगेतील इतर लोक का बोलत नाहीत, याचे उत्तर स्टॅनले मिलग्रॅम या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाच्या एका प्रयोगात सापडते. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी न्यूयॉर्कमधील रेल्वेच्या तिकीट खिडक्यांसारख्या ठिकाणच्या 129 रांगांमध्ये आपली माणसे मुद्दाम घुसवली. निष्कर्ष 1986 मध्ये प्रसिद्ध झाले. घुसखोर तिसऱ्या आणि चौथ्या माणसाच्या मध्ये शिरत असे. त्याला धरून बाहेर काढण्याचा प्रकार साधारण दहांतील एका रांगेत घडला, आणि एकटाच घुसखोर असेल तेव्हा कोणत्याही स्वरूपाचा आक्षेप जेमतेम निम्म्या रांगांत घेतला गेला. आक्षेप घेणारे बहुतेक वेळा घुसखोराच्या पाठीमागचे असत, त्यातही लगेच मागचा माणूस. पुढच्यांचे काही नुकसान होत नसल्याने ते सहसा मान वळवत नसत. खरी मेख पुढे आहे. लगेच मागे उभी असलेली दोन माणसेही प्रयोगकर्त्यांचीच आणि ठरवून गप्प राहणारी असली, की त्यांच्या मागचेही जवळजवळ कोणी बोलत नसे. बोलायचे ते त्यांनी, ते बोलत नाहीत तर आपण कशाला, असा तो विचार. आमच्या त्या रांगेतही नेमके हेच झाले. सर्वांच्या वतीने भांडण्याचे काम आम्ही कडेवर आजारी मूल असलेल्या एकट्या बाईवर सोपवले होते, आणि त्या एका वाक्यावर थांबल्यावर आम्हालाही गप्प बसायला निमित्त मिळाले.

यावर ओरडाआरडा हा उपाय नाही. रांगेतील बाचाबाची हातघाईवर यायला वेळ लागत नाही, आणि घुसणाऱ्या माणसाला वाद हवाच असतो, कारण वाद चालू असेपर्यंत तो पुढेच उभा असतो. माझ्या मते बोलायचे ते त्याच्याशी नव्हे, खिडकीशी बोलावे. "साहेब, यांच्या आधी या बाई आहेत" हे वाक्य रांगेतील कोणीही, विशेषतः ज्याचे काहीच नुकसान होत नाही अशा पुढच्या माणसाने, शांतपणे पण सर्वांना ऐकू जाईल असे म्हटले तर कर्मचाऱ्याला निवड करावी लागते. त्याच्या वरिष्ठांनी त्याला स्पष्ट लेखी सूचना दिलेली असेल तर त्याचेही काम सोपे होईल. "नियम आहे, माझा नाइलाज आहे" हे वाक्य एरवी जनतेला छळण्यासाठी वापरले जाते, ते एकदा तिच्या सोयीसाठीही वापरता येईल.

आमच्या डोंबिवलीत स्टेशनबाहेर संध्याकाळी शेअर रिक्षांच्या रांगा लागतात. काही थांब्यांवर चालक रांगेच्या तोंडाशीच तीन माणसे घेतो आणि मध्येच बसू पाहणाऱ्याला "काका, पाठीमागून या" असे सांगून उतरवतो. तिथे घरी परतणारी थकलेली माणसेही मुकाट्याने उभी राहतात. जिथे चालक वीस पावले पुढे गाडी उभी करून धावत येणाऱ्यांना घेतो, तिथली रांग आठवडाभरही टिकत नाही. माणसे तीच, गावही तेच. रिक्षा कुठे थांबते एवढाच फरक.

रांग म्हणजे दगडावरची रेघ नव्हे, हेही मान्य आहे. गरोदर स्त्री, अपंग व्यक्ती, उभे राहवत नाही असा वृद्ध किंवा हातात रक्ताळलेला रुमाल धरलेला माणूस यांना पुढे जाऊ देण्यात कोणाचीही हरकत नसते, आणि मी आजवर अशा विनंतीला नकार मिळालेला पाहिलेला नाही. यांपैकी जवळजवळ प्रत्येक जण आधी विचारतो, घुसणारा सांगतो. "मी सांगून गेलो होतो", "माझी पिशवी इथेच होती", "साहेब ओळखतात मला" ही त्याची ठरलेली वाक्ये असतात. रॉकेलच्या काळात डबे आणि विटा रांगेत ठेवून जागा धरली जाई, परंतु तो सर्वांनी मान्य केलेला व्यवहार होता आणि परक्याची वीट कोणी सरकवली तर अख्खी चाळ उठत असे. देवस्थानांतील सशुल्क दर्शनाच्या पासांविषयी मी येथे लिहीत नाही. आषाढीला गोपाळपूरपर्यंत जाणाऱ्या दर्शनबारीत रात्र काढणाऱ्या वारकऱ्यांनी त्याविषयी बोलावे, त्यांचा अधिकार माझ्यापेक्षा मोठा आहे.

रुग्णालयांकडे आणि प्रभाग कार्यालयांकडे माझे मागणे खर्चाचे नाही. तीन खिडक्यांपुढे तीन रांगा लावण्याऐवजी दोरी बांधून एकच रांग करावी आणि पहिल्याने रिकाम्या होणाऱ्या खिडकीकडे जावे, म्हणजे आपली रांग हळू चालते म्हणून शेजारच्या रांगेत घुसण्याचा मोह उरत नाही. बंद यंत्र दुरुस्त होईपर्यंत पुठ्ठ्याचे क्रमांक चालतील. आणि चौकशीसाठी एक वेगळी खुर्ची आणि टेबल मांडावे. पत्नीचे अहवाल घेऊन येत्या मंगळवारी मला पुन्हा त्याच खिडकीपुढे उभे राहायचे आहे. तोवर निदान ते टेबल मांडले गेले, तर "फक्त एक विचारायचं आहे" असे म्हणणाऱ्याला कुठे पाठवायचे, हे आम्हा रांगेतल्यांना ठाऊक असेल.

आपला,
एक निवृत्त रोखपाल,
डोंबिवली (पूर्व)