गाडी टनावर नको, उभारणीच्या क्रमाने भरा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

घोडबंदर रस्त्यावरच्या कोंडीबद्दल आपल्याकडे येणारी पत्रं मी नेमाने वाचते. बहुतेकांचा राग अवजड वाहनांवर असतो. तो मला लागतो, कारण त्यातल्या काही गाड्या मी भरून पाठवलेल्या असतात. तळोजा औद्योगिक वसाहतीत इमारतींचे पोलादी सांगाडे बनवणाऱ्या एका कारखान्यात मी १४ वर्षं डिस्पॅच सांभाळते. रंग वाळून माल यार्डात आला की तो कोणत्या गाडीत, कशाच्या वर, कशाच्या खाली जाणार हे ठरवणं माझं काम. म्हणून सांगते, साइटच्या दारात रात्रभर उभ्या राहणाऱ्या ट्रेलरचं कारण पुष्कळदा आमच्या यार्डातच असतं. गाडी उलटी भरलेली असते.

गेल्या उन्हाळ्यात घोडबंदर पट्ट्यातल्या एका साइटला आम्ही साडेतेवीस टनांचा ट्रेलर पाठवला. तळाला सहा कॉलम, म्हणजे उभे खांब, एकेक नऊ मीटर लांब आणि दोन टनांच्या वर. त्यांच्यावर चौथ्या मजल्याचे बीम, सगळ्यात वर जिन्याचे तयार टप्पे आणि ब्रेसिंगचे, म्हणजे तिरक्या आधारांचे, अँगल. काटा पावती, चलन, ई-वे बिल, सगळं चोख. शिळफाटा, मुंब्रा बायपास, खारेगाव, माजिवडा असं करत गाडी रात्री पावणेबाराला पोचली. सव्वाबाराला तिथल्या फोरमनचा फोन आला.

"ताई, कॉलम कुठंयत?"

"तळाला आहेत, दादा."

पुढे बराच वेळ तो बोललाच नाही. मागे हायड्राचं, म्हणजे माल उचलणाऱ्या क्रेनचं, इंजिन चालू असल्याचं तेवढं ऐकू येत होतं.

त्या रात्री त्याला फक्त कॉलम हवे होते. आधी कॉलम पायात रोवलेल्या अँकर बोल्टवर उभे राहतात, मग बीम त्यांना जोडतात, मग ब्रेसिंग. चौथ्या मजल्याच्या बीमची गरज त्याला दीड महिन्याने पडणार होती. वरचा माल ठेवायला प्लॉटमध्ये जागा नव्हती. अर्ध्या भागात खड्डा, उरलेल्यात वाळू आणि शटरिंगच्या प्लेटा. मग जिने आणि बीम फुटपाथवर आणि कडेच्या लेनमध्ये उतरले. सकाळी अवजड वाहनांची वेळ संपली तरी ट्रेलर रिकामा झाला नव्हता. शाळेत निघालेली मुलं आणि त्यांच्या आया त्याला वळसा घालून भर रस्त्यातून चालत होत्या. त्या घाईत क्रेनला टांगलेल्या स्लिंगमधला एक बीम फिरला आणि एका माथाडी कामगाराच्या पायावर आला. त्यांच्या उजव्या पायाची दोन बोटं गेली. त्या गाडीच्या लोडिंग शीटवर सही माझी आहे.

अशी गाडी का भरली जाते? एक कारण खरोखरच सुरक्षिततेचं आहे. जड माल खाली, हलका वर, हे आम्ही पहिल्या दिवशी शिकतो आणि ते बरोबरच आहे. जडपणा वर गेला की वळणावर गाडी कलंडते. पण सांगाड्यात सगळ्यात जड असतो कॉलम आणि साइटला सगळ्यात आधी लागतो तोही कॉलमच. म्हणजे वजनाचा नियम डोळे मिटून पाळला की पहिला लागणारा नग सगळ्यांच्या खाली जातो.

दुसरं कारण भाड्याचं. भाडं टनावर ठरतं, आणि ठरावीक टनांचं भाडं गाडी अर्धी गेली तरी द्यावंच लागतं. त्यामुळे ऑफिसातून एकच निरोप येतो, गाडी फुल करा. सळईचा प्रश्न यात वेगळा आहे. कळंबोलीच्या लोखंड बाजारातून २५ टन सळई निघते तेव्हा निव्वळ लोखंड जेमतेम ३.२ घनमीटर भरतं. वजन संपतं, जागा उरते. आमच्या मालाचं उलट. जिने आणि ट्रस, म्हणजे छताच्या जाळीदार कैच्या, भरले तर सात-आठ टनांतच गाडीचा हौदा भरतो, मग टन पुरे करायला त्यांच्याखाली जे जड हाताशी असेल ते सरकवायचं. ते कोणत्या मजल्याचं आहे हे कोण बघतं? शिवाय रंगाच्या शेडमधून नग बाहेर येतात ते त्यांच्या सोयीने, साइटच्या नव्हे. यार्ड तुंबलं की जे वाळलं ते चढवा.

आणि या सगळ्यातून वाचतं काय? भाडं वाचलेलं आमच्या वहीत दिसतं. हायड्राचे जादा तास ठेकेदाराच्या वहीत जातात. गाडीचं हॉल्टिंग, म्हणजे ती खोळंबल्याचे पैसे, कोणी द्यायचं यावर महिनाभर फोन चालतात. वाराई, म्हणजे माल चढवण्या-उतरवण्याची मजुरी, दोनदा पडते, कारण एकदा उतरवलेला माल पुन्हा उचलून हलवावा लागतो. या चार वह्या शेजारी ठेवून बेरीज केलेली मी कुठल्याच कंपनीत पाहिलेली नाही. लोकांचा अडलेला रस्ता तर कोणाच्याच वहीत येत नाही.

त्या अपघातानंतर आमच्या टोळीचे मुकादम आणि मी यार्डाच्या काँक्रीटवर खडूने ट्रेलरचा हौदा आखला, बारा मीटर बाय दोन मीटर चाळीस. गाडी यायच्या आधी माल त्या चौकटीत मांडून बघायचा. ड्रॉइंगवरचे इंग्रजी पीस मार्क, म्हणजे नगांच्या ओळखीच्या खुणा, रात्री बॅटरीच्या उजेडात साइटवर वाचता येत नाहीत, म्हणून मुकादमांनी प्रत्येक नगाच्या दोन्ही टोकांना खडूने उतरवण्याचा आकडा घालायला सुरुवात केली, १, २, ३. चढवताना शेवटच्या आकड्यापासून मागे यायचं. आता आम्ही गाडी मजल्यावर किंवा टनावर न भरता गाळ्यावर, म्हणजे सांगाड्यातल्या कॉलमांमधल्या एकेका भागावर, भरतो. एका गाळ्याचे तीन कॉलम आणि त्यांनाच जोडणारे बीम एका गाडीत. तळाला बीम सपाट पसरायचे, त्यांच्यावर गुटके, म्हणजे टेकूचे ठोकळे, त्यावर कॉलम. बीमचा थर एकसारखा असला तर उंची फार वाढत नाही आणि तोलही राहतो. गुटके चार इंची, म्हणजे स्लिंग सहज खालून जातो. आणि वरच्या थराचा गुटका खालच्या गुटक्याच्या बरोबर डोक्यावर हवा, नाहीतर बीम मधेच वाकतो. माल पुढच्या पत्र्याला टेकवून साखळीने आवळायचा. मधे मोकळी जागा राहिली तर एका ब्रेकमध्ये लोखंड ड्रायव्हरच्या केबिनमध्ये घुसतं. जिने आणि रेलिंग शेवटी, छोट्या गाडीने.

अशी गाडी १६-१७ टनांवर निघते. दोन फेऱ्यांच्या जागी कधी तीन होतात, हे मी लपवत नाही. पण पहिल्याच उचलीला कॉलम हातात येतो, उतरलेला नग थेट उभा राहतो आणि ट्रेलर उजाडायच्या आत परत निघतो. तीन गाड्या रात्री येऊन गेल्या तर त्या कोणाच्या वाटेत येत नाहीत. दिवसभर अडकलेली एक येते.

कायद्याचं म्हणाल तर तो आहे. गाडीबाहेर सळया लोंबकळत नेण्याची मुभा २०१४ साली काढून घेतली. २०१९च्या दुरुस्तीनंतर जादा वजनाला २० हजार रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला दोन हजार दंड आहे. हौद्याबाहेर माल आला तरी २० हजार. हे सगळं हवंच. पण आमचा तो साडेतेवीस टनांचा ट्रेलर वजनात बसत होता आणि त्यातला एकही नग बाहेर डोकावत नव्हता. कुठल्याही नाक्यावर त्याला कोणी अडवलं नसतं.

म्हणून माझं मागणं वेगळं आहे. बिल्डर आणि ठेकेदारांनी ऑर्डरबरोबर उभारणीचा क्रम लेखी द्यावा, कोणता गाळा कोणत्या आठवड्यात, आणि तो बदलला तर लोडिंगच्या दोन दिवस आधी कळवावं. आज तो क्रम फोरमनच्या डोक्यात असतो आणि आम्हाला रात्री सव्वाबाराला कळतो. तो आधी कळला तर रंगाच्या शेडलाही त्याच क्रमाने काम लावता येतं. भाडं टनावर न ठरवता फेरीवर ठरवावं, म्हणजे अर्धवट वजनाची गाडी सोडताना कोणाचा हात आखडणार नाही. ठाणे आणि नवी मुंबई महापालिकांनी बांधकामाला परवानगी देताना प्लॉटच्या आत एक ट्रेलर उभा राहील आणि एका गाडीचा माल उतरेल एवढी जागा नकाशावर दाखवायला लावावी आणि काम संपेपर्यंत ती मोकळी राहते का ते बघावं. आणि गाडी कशी भरायची हे ठरवताना चढवणाऱ्या-उतरवणाऱ्या टोळीच्या मुकादमाला बोलवावं. माथाडी कामगारांसाठी १९६९ साली स्वतंत्र कायदा करणारं हे राज्य आहे. लोखंड कुठे फिरतं आणि कुठे घसरतं हे ज्यांच्या हातांना कळतं, त्यांना आम्ही ड्रॉइंगभोवती कधी उभंच केलं नाही.

ज्यांची बोटं गेली ते आता उचलीच्या कामावर नाहीत, यार्डात गुटके मोजून देतात. आमची लोडिंग शीट साध्या आखीव कागदाची आहे. वर हौद्याची चौकट, खाली उतरवण्याचे आकडे आणि शेवटी साइटच्या फोरमनची सही, गाडी निघायच्या आधी घेतलेली. तळोजा-कळंबोलीतल्या कोणत्याही यार्डाला ती हवी असेल तर मी आनंदाने देईन.

आपली,
एक डिस्पॅच सुपरवायझर,
कळंबोली, नवी मुंबई