फायबरग्लासच्या धनुष्याला करवत लावण्याआधी

संपादक महाशय,
स. न. वि. वि.

२०२३ च्या ऑगस्टमध्ये बर्लिनला आमच्या साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा, पण साताऱ्यात सराव करणारा ओजस देवतळे जगज्जेते झाले, तेव्हापासून इकडच्या पोरांना धनुष्याचं वेडच लागलंय. त्या दोघांची कंपाउंड, म्हणजे टोकांना चाकं असलेली धनुष्यं कारखान्यातली. गल्लीतल्या पोराला ती कुठून परवडणार? मग लाकडाच्या पातळ पट्ट्या, मागेपुढे फायबरग्लासची जेमतेम मिलिमीटरभर जाडीची पट्टी, मध्ये इपॉक्सी हा चिकट गोंद, असं घरीच चिकटवलेलं धनुष्य हातात येतं. मीही नातीसाठी तशी चार केली. लाकूड कोणतं, ग्लास किती जाडीची, हे सांगणारे पुष्कळ भेटतात. कापायचं कशानं, हे कुणी सांगत नाही, म्हणून हे पत्र.

मी निवृत्त फिटर. सगळी हयात टूलरूममध्ये गेली, तेव्हा हत्याराबद्दल मला कोण शिकवणार, अशी घमेंड होती. पहिल्या धनुष्याला सरळ हेक्सा ब्लेड, म्हणजे लोखंड कापायचं करवतीचं पातं लावलं. वीतभर कापलं आणि दात गेले. काच पोलाद खाते, हे ठाऊक असूनही आणखी दोन ब्लेडं वाया घालवली. वर काठाची ग्लास उचकटून वीतभर लांब कूस निघाली ती वेगळीच. यातले धागे धनुष्याच्या लांबीत एकाच दिशेनं असतात, त्यामुळे दात अडकला की धागा सोलतच जातो.

इथे दातांचं काम नाही, घासून कापणारं हत्यार हवं. फरशी बसवणारे वापरतात ती कार्बाइडचे कण चिकटवलेली बिनदाती तार हेक्साच्याच फ्रेममध्ये बसते. रेषेवर मास्किंग टेप लावायची, रेघेच्या दोन मिलिमीटर बाहेरून कापायचं आणि उरलेलं बेल्ट सँडरवर, म्हणजे सँडपेपरचा पट्टा फिरवणाऱ्या यंत्रावर, ६० नंबरच्या खरखरीत पट्ट्यानं उतरवायचं. पुढे ८०, १२०, शेवटी हातानं २२०. अँगल ग्राइंडर मात्र लांब ठेवा. डोळ्याची पापणी लवेपर्यंत नको तेवढं खातो, आणि तापला की आतला इपॉक्सी मऊ पडतो.

दोरीच्या खाचेला चार मिलिमीटरची गोल कानस, चेन-सॉला धार लावतात ती. ती ग्लासकडून लाकडाच्या दिशेनं ढकलायची. उलट ढकलली की ग्लास लाकडापासून सुटते. एक भुजा, म्हणजे मुठीच्या वरचा किंवा खालचा वाकणारा भाग, ताठ वाटली तर पाठीपोटाची ग्लास घासू नका, त्या भुजेच्या दोन्ही कडा घासून ती अरुंद करा, दोन्हीकडून सारखी. तीन-चार हात मारायचे, दोरी चढवायची, वाक बघायचा. माझ्या दुसऱ्या धनुष्याची एकच कड जास्त घासली गेली आणि भुजेला पीळ पडला. ते अजून माळ्यावर आहे.

आता मूळ मुद्दा. गेल्या आठवड्यात एका वर्कशॉपमध्ये सतरा-अठरा वर्षांची दोन मुलं पंख्याखाली बसून हीच ग्लास घासत होती. तोंडाला रुमाल, तोही एकाच्याच. कापलेल्या काचेची धूळ रुमालातून गाळून निघत नाही. एन-९५ मास्क, चष्मा, पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि उघड्यावर काम, एवढं तरी हवंच. पंखा तर आधी बंद. अंगाला खाज सुटली तर खाजवू नये, आधी गार पाण्यानं धुवावं. मी त्या कामाचे कपडे घरच्या बादलीत टाकले होते, तर दोन दिवस सगळं घर खाजवत होतं. सौ. अजून ऐकवतात.

पोरांकडून धनुष्यं करून घेणाऱ्या वर्कशॉपवाल्यांनी आणि तिथून ती घेणाऱ्या प्रशिक्षकांनी निदान मास्क आणि ही तार तरी द्यावी. एका धनुष्याच्या ग्लासपुढे त्याचा खर्च काहीच नाही.

निघताना त्या दोघांना मी पिशवीतले दोन मास्क दिले. एकानं लगेच लावला. दुसऱ्यानं घडी घालून खिशात ठेवला.

आपला,
एक निवृत्त फिटर, सातारा