परदेशातल्या मालकाचे घर आणि सूर्यघर योजनेचे अनुदान

महोदय,

खानदेशातल्या कितीतरी घरांतली मुले आज अमेरिका, दुबई, ऑस्ट्रेलियात आहेत. फैजपूर-रावेरपासून शिरपूर-शहाद्यापर्यंत कुठल्याही गावात जा, चांगले स्लॅबचे घर मुलाच्या नावावर आणि राहायला म्हातारे आई-वडील, असे चित्र दिसते. त्या गच्चीवर सोलर बसवायचा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला: मालक परदेशात, मग पीएम सूर्यघर मुफ्त बिजली योजनेचे अनुदान मिळते का? एक जण सांगतो, अजिबात नाही. दुसरा सांगतो, सगळ्यांना मिळते, सही करून टाका. दोघेही अर्धवट सांगतात आणि घरच्यांचे पैसे अडकतात. म्हणून हे सविस्तर पत्र.

योजना फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाली, मुदत २०२६-२७ या आर्थिक वर्षापर्यंत आहे. पात्रतेच्या अटी चारच आहेत. अर्जदार भारतीय नागरिक असावा, सोलर बसेल असे छत असलेले घर त्याच्या मालकीचे असावे, घराला चालू वीजजोडणी असावी आणि सोलरसाठी आधी दुसरे अनुदान घेतलेले नसावे. यात 'भारतीय नागरिक' असे लिहिले आहे, 'भारतात राहणारा' असे नाही. सगळा घोळ या दोन शब्दांच्या गल्लतीतून होतो. मुलगा वीस वर्षे दुबईत असला तरी पासपोर्ट भारताचा असेल तर तो नागरिकच आहे. नागरिकत्वाच्या अटीवर त्याचा अर्ज अडू नये. ज्याने अमेरिकेचे किंवा ऑस्ट्रेलियाचे नागरिकत्व घेतले, त्याच्याकडे ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या माणसाला मिळणारे) असले तरी तो आता भारतीय नागरिक नाही. त्याने स्वतःच्या नावाने अनुदानाचा अर्ज करू नये. अनुदानाशिवाय स्वखर्चाने सोलर आणि नेट मीटर (घेतलेली आणि परत दिलेली वीज दोन्ही मोजणारे मीटर) घेण्याचा मार्ग त्याला मोकळा आहे.

नागरिकत्वाइतकेच महत्त्वाचे आहे लाइट बिलावरचे नाव. अर्ज बारा आकडी ग्राहक क्रमांकावर होतो, अनुदान त्या ग्राहकाच्या नावाने निघते. योजनेच्या प्रश्नोत्तरांत भाड्याच्या घराबद्दल स्पष्ट उत्तर आहे: वीजजोडणी तुमच्या नावावर असेल, बिल तुम्ही तुमच्या नावाने नियमित भरत असाल आणि छत वापरायला मालकाची परवानगी असेल, तर सोलर बसवता येते. भाडेकरूला जे चालते ते त्याच घरात राहणाऱ्या, बिल भरणाऱ्या आईला का चालू नये? म्हणून जोडणी आधीपासून आईच्या किंवा वडिलांच्या नावावर असेल, तर अर्ज त्यांच्याच नावाने करावा आणि परदेशातल्या मालकाचे छत वापरण्याचे संमतिपत्र सोबत ठेवावे. मात्र अनुदानापुरते एखाद्या नातेवाइकाच्या नावावर मीटर चढवणे, तो तिथे राहतही नसताना, हे चुकीचे आहे. तसे कोणी सुचवले तर ऐकू नका.

सगळ्यात जास्त अर्ज रखडतात ते वेगळ्याच कारणाने. बिल अजून वारलेल्या आजोबांच्या किंवा वडिलांच्या नावावर असते. वर्षानुवर्षे बिल भरले जाते, नाव बदलायचे कोणाच्या मनातही येत नाही. सोलर बसते, नेट मीटर लागते आणि शेवटी बँक खाते भरायच्या पायरीवर कळते की ज्याच्या नावाने अनुदान यायचे तो माणूसच हयात नाही. त्यामुळे अर्जाच्या आधी नाव बदल, मग बाकी सगळे. त्यासाठी मालकीचा पुरावा लागतो. ग्रामपंचायत हद्दीत नमुना ८ चा उतारा, शहरात मालमत्ता पत्रक किंवा खरेदीखताची सूची क्रमांक २. घर अजून मयताच्याच नावावर असेल तर आधी वारसनोंद करून घ्यावी लागेल. भाऊ-बहिणी असतील तर त्यांची संमती लेखी घ्या. थकबाकी शून्य करा. बंद घराचे बिल न भरल्याने जोडणी पी.डी. झाली असेल, म्हणजे कायमची तोडली असेल, तर 'चालू जोडणी' ही अटच पूर्ण होत नाही. आधी जोडणी पुन्हा घ्यावी लागते.

बिलावर 'पाटील बी. डी.' आणि पासबुकावर पूर्ण नाव, एवढ्या फरकानेही काम थांबते. नाव बदलाच्या वेळीच स्पेलिंग आधार आणि पासबुकाप्रमाणे अक्षर न् अक्षर जुळवून घ्या.

आता बँकेचे. परदेशात स्थायिक झाल्यावर साधे बचत खाते तसेच चालू ठेवणे फेमा या परकीय चलनाच्या कायद्यात बसत नाही, ते एनआरओ (अनिवासींच्या भारतातल्या रुपयांच्या उत्पन्नासाठीच्या) खात्यात बदलावे लागते. पुष्कळांनी ते केलेले नसते. अनुदान ही भारतातली रुपयातली रक्कम आहे, म्हणून अर्जदार स्वतः अनिवासी असेल तर खाते एनआरओच द्यावे, परदेशी कमाई ठेवायचे एनआरई नव्हे. रद्द केलेल्या चेकवर नाव छापलेले असावे.

मोबाइलचा मुद्दा छोटा दिसतो, पण फसवणूक तिथेच होते. योजनेच्या पोर्टलवरची नोंदणी ओटीपीने होते. परदेशी नंबर चालत नाही, म्हणून वेंडर, म्हणजे सोलर बसवणारा, म्हणतो, माझाच नंबर टाकतो. मग अर्जाची चावी त्याच्या हातात. वेंडर कोणता निवडला आणि बँकेचा तपशील कोणता भरला, यातले घरच्यांना काहीच दिसत नाही. आईचा किंवा गावात राहणाऱ्या भावाचा नंबर द्या. अर्जदार मुलगाच असेल तर त्याचा भारतातला नंबर चालू ठेवा. आधार काढायचे राहिले असेल तर भारतीय पासपोर्ट असलेल्या अनिवासीला आता १८२ दिवस इथे राहण्याची अट नाही, आल्या आल्या अर्ज करता येतो.

परदेशातली ही माणसे येतात दिवाळीला नाहीतर आखाजीला (अक्षय्य तृतीयेला), दोन-तीन आठवड्यांसाठी. तेवढ्यात पॅनेल चढलेले बघायची घाई असते. खरे तर पॅनेल चढवायला मालक लागतच नाही, ते काम दोन-तीन दिवसांचे आहे आणि कधीही होते. मालक हजर असताना उरकायची कामे म्हणजे नाव बदलाच्या सह्या, वारसनोंद, बँकेतले केवायसी, आधारला मोबाइल जोडणे आणि वेंडरशी करार. येणे जमतच नसेल तर तिथल्या भारतीय दूतावासात मुखत्यारपत्र करून पाठवता येते. त्यात वीजजोडणी, नाव बदल आणि सौर यंत्रणेचा करार यांचा स्पष्ट उल्लेख हवा. ते महाराष्ट्रात पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत मुद्रांक शुल्क भरून घ्यावे लागते. हे विसरले की कागद असून नसल्यासारखा.

अर्जाची पुढची वाट तशी सरळ आहे. दहा किलोवॅटपर्यंत तांत्रिक व्यवहार्यतेची वेगळी तपासणी नाही, २०२४ च्या नियमदुरुस्तीने अर्ज मंजूरच धरला जातो. पोर्टलवरच्या यादीतलाच वेंडर निवडायचा. पॅनेल डीसीआर, म्हणजे भारतात बनलेल्या सेलचेच असले पाहिजेत. स्वस्तातले दुसरे पॅनेल बसले की अनुदान गेले. म्हणून कोटेशनवर डीसीआर हा शब्द, पॅनेलची कंपनी आणि वॅट लिहून घ्या, बसवल्यावर प्रत्येक पॅनेलचा अनुक्रमांक फोटोत घ्या. सप्टेंबर २०२५ पासून सौर सामानावरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के झाला आहे, जुन्या दराचे कोटेशन कोणी पुढे केले तर परत करा. पाच वर्षांची देखभाल वेंडरवर आहे, तीही करारात दिसली पाहिजे. नेट मीटर लागून कमिशनिंगचा, म्हणजे यंत्रणा सुरू झाल्याचा, दाखला निघाला की बँक तपशील भरायचा, त्यानंतर रक्कम खात्यात येते.

रक्कम ठरलेली आहे. पहिल्या दोन किलोवॅटला प्रत्येकी ३०,००० रुपये, तिसऱ्याला १८,०००. तीन किलोवॅटला ७८,००० आणि त्यापुढे कितीही बसवले तरी तेवढेच. परदेशातला मुलगा फोनवर सांगतो, "पाच किलोवॅटच बसवा, आईला काही कमी पडायला नको." गावात एकटी आई महिन्याला ९०-१०० युनिट वापरते. एक किलोवॅट रोज सरासरी चार युनिट देते, महिन्याचे १२०. तिला एक किलोवॅट पुरते, कूलर-फ्रिजचा आणि सुटीत येणाऱ्या नातवंडांचा विचार केला तर दोन. जास्तीचे युनिट महिन्यामागून महिना पुढे जातात, पण ३१ मार्चला हिशेब संपतो आणि उरलेले युनिट वीज कंपनी वीज नियामक आयोगाने ठरवलेल्या कमी दराने घेते. हिवाळ्यात साठवले आणि मे महिन्यात एसीला वापरले, असे होत नाही. स्थिर आकार तर शून्य युनिटलाही लागतोच.

वर्षभर कुलूप असलेल्या घराबद्दल आमचे मत स्पष्ट आहे: तिथे बसवू नका. पात्रता असली तरी नको. एक तर सगळे युनिट कमी दराने जातात. दुसरे, यंत्रणा बंद पडलेली कोणाला कळत नाही. घर बंद करताना सवयीने मेन स्विच पाडला जातो. पॅनेलची वीज घरात वापरता येईल अशी बदलणाऱ्या इन्व्हर्टरला ग्रिडची, म्हणजे बाहेरच्या तारेची, वीज दिसली नाही की तो स्वतःहून थांबतो, तारेवर काम करणाऱ्या लाइनमनच्या जिवासाठी ती सोय आहे. वर ऊन तळपत असते आणि खाली निर्मिती शून्य. (लोडशेडिंगमध्ये सोलर चालत नाही तेही याच कारणाने. बॅटरी नसलेल्या यंत्रणेकडून ती अपेक्षा ठेवू नका.) पावसाळ्यात ओल येऊन आरसीसीबी (गळती झाली की वीज तोडणारा स्विच) पडला तरी तेच. वायफायचे रिचार्ज संपले की मोबाइलवरच्या ॲपमध्येही काही दिसत नाही. आई-वडील राहत असलेल्या घरातही मेनबोर्डावर सोलरच्या एमसीबी स्विचजवळ ठळक मराठी अक्षरांत 'सोलर, बंद करू नये' अशी पट्टी लावा आणि इन्व्हर्टरचा हिरवा दिवा रोज सकाळी बघायला त्यांना शिकवा. लाल दिसला की त्याच दिवशी वेंडरला फोन.

आपल्याकडच्या हवेचा विचार कोटेशनमध्ये क्वचितच असतो. मेमध्ये जळगाव-भुसावळला पारा ४५ च्या आसपास जातो, तेव्हा पॅनेल ६५-७० अंशांपर्यंत तापते आणि २५ अंशांच्या वर प्रत्येक अंशाला साधारण ०.३ ते ०.४ टक्का निर्मिती घटते. भर उन्हाळ्यात कागदावरचा आकडा मिळणार नाही, तो बिघाड नव्हे. ज्या वादळात रावेर-यावलची केळी आडवी होते त्याच वादळात कच्चा सांगाडा उडतो. सांगाडा हॉट-डिप गॅल्व्हनाइज्ड (वितळलेल्या जस्तात बुडवलेला, गंज न धरणारा) असावा आणि स्लॅबला केमिकल अँकरने धरलेला असावा. नुसत्या विटा ठेवून उभा केलेला चालणार नाही. तीन अर्थिंग वेगळे: पॅनेलचे, एसी बाजूचे, वीजरोधकाचे. धाब्याच्या मातीच्या छतावर पॅनेल टाकूच नयेत, २७-२८ किलोचे एकेक पॅनेल आणि वरून वाऱ्याची ओढ जुनी लाकडे सोसत नाहीत. पॅनेल पंधरा दिवसांनी पहाटे मऊ फडक्याने पुसावेत. बोअरचे जड पाणी ओतून वाळू दिले तर क्षारांचे पांढरे डाग बसतात आणि मग ते निघत नाहीत.

आमची मागणी दोन ओळींची आहे. पात्रतेच्या अटीत 'घर मालकीचे असावे' आहे आणि प्रश्नोत्तरांत 'मालकाची परवानगी असावी' आहे. खिडकीवरचा माणूस पहिली ओळ वाचतो आणि म्हातारीला परत पाठवतो. महावितरणच्या जळगाव परिमंडळाने जळगाव, धुळे, नंदुरबारच्या प्रत्येक उपविभागीय कार्यालयात मराठीत लिहून लावावे की भारतीय पासपोर्टधारक अनिवासी मालकाचा अर्ज घेतला जाईल का, आणि मालकाच्या संमतीने त्या घरात राहणाऱ्या, जोडणी नावावर असलेल्या आई-वडिलांचा अर्ज घेतला जाईल का. संमतिपत्राचा एक छापील नमुनाही तिथेच ठेवावा. दिवाळी-आखाजीला येणाऱ्यांच्या सुट्या मोजक्या असतात, आणि योजनेची मुदतही.

घरगुती सौर जोडणीची कामे करणारे विद्युत कंत्राटदार,
चाळीसगाव, जि. जळगाव